नोएमीने लपवलेली पाटी

नोएमी एचेवेरीचं निम्मं आयुष्य लोकांच्या पायांकडे बघण्यात गेलं. मेदेयिन शहरातल्या विद्यापीठात माणसाची चाल तपासणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथं ती एकोणीस वर्षं मदतनीस होती. आलेल्याच्या गुडघ्यांना, घोट्यांना चमकणाऱ्या बारीक गोळ्या चिकटवायच्या आणि त्याला चालवायचं. पुढचं कॅमेरे बघून घेत. वाटेत मधोमध, जमिनीत, पायाचा दाब मोजणारी पाटी होती. ती कुठे आहे हे सांगायचं नाही, हा तिथला नियम. कळलं की माणूस मुद्दाम तिच्यावर पाय टाकायला बघतो आणि चाल बिघडते. पाटीवरचं फरशीसारखं दिसणारं लिनोलियम नोएमीनंच बसवलं होतं, जोड दिसणार नाही इतकं बेमालूम, आणि त्याचा तिला भारी तोरा. कुणी विचारलंच तर तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"खाली काही नाही हो, नुसती फरशी आहे."

डॉन आर्सेसिओलाही, 'डॉन' म्हणजे तिकडचं 'राव', तिनं हेच सांगितलं. तो यारुमाल गावाच्या वरच्या डोंगरात कॉफी पिकवणारा. चार वर्षांपूर्वी मळ्याच्या वाटेवर सुरुंग फुटला, त्यात त्याचा डावा पाय मांडीपासून गेला आणि धाकटा भाऊ एवेलिओ जिवानिशी गेला. तेव्हापासून तो एक ताठ नकली पाय ओढत होता. आता गुडघ्यात वाकणारा पाय मिळणार होता, म्हणजे उतारावरच्या मळ्यात पुन्हा उभं राहता येणार होतं. त्यासाठी दोन्ही पावलांचा दाब पाटीवर उमटायला हवा होता, आणि तोही आजच; असा पाय एकच आला होता आणि रांग मोठी होती.

चार पावलं टाकून तो थांबला. काठीनं पुढची जमीन ठोकली. पुन्हा ठोकली.

"बाई, इथं पोकळ लागतंय."

"अहो, जुनी इमारत आहे. चला तुम्ही."

काचेमागून डॉक्टर उर्रेया ओरडले, "नोएमी, आटप! बाहेर सात जण ताटकळलेत."

नोएमी पाटीवर जाऊन उभी राहिली, वर दोन उड्या मारल्या. "बघा! झालं मला काही?"

"एवेलिओनंही अशाच उड्या मारल्या होत्या," आर्सेसिओ म्हणाला. "'बघ दादा, काही नाही,' म्हणाला. मग पुढचं पाऊल टाकलं."

हे घरी बसून ऐकलं असतं तर ती गप्प राहिली असती. पण हातातलं काम अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती. तिनं कात्री आणली, लिनोलियम टराटरा कापलं आणि पाटीचं झाकण उचललं. "हे बघा, वजनाचं यंत्र आहे नुसतं. आता तरी पटलं ना?"

झाकणाखाली लोखंडी चौकट होती आणि तिच्यातून लाल-काळ्या वायरी निघत होत्या. चांगुलपणालाही अक्कल लागते, ती त्या क्षणी नोएमीकडे नव्हती. आपण काय उघडून दाखवलं हे तिला कळलं, पण तोवर आर्सेसिओ मटकन खाली बसला होता. त्याची चड्डी ओली झाली. पन्नाशीचा माणूस, दोन्ही हातांनी उरलेला पाय छातीशी धरून बसला.

डॉक्टर आले, फरशीचं वाटोळं झालेलं पाहून संतापले आणि कागदावर लिहून गेले: 'रुग्णाने सहकार्य केले नाही.' त्या एका ओळीनं पाय दुसऱ्याच्या नावावर गेला. नियम तिचा नव्हता, पण खोटं तिचं होतं.

आर्सेसिओ उठेना. शेवटी म्हणाला, "तुम्ही पुढे चला. हळू."

ती दाराकडे निघाली. तिनं जिथं पाय ठेवला तिथंच तो काठी टेकून आपला पाय ठेवत होता, एक बोटही इकडे तिकडे नाही. मागे त्याचा श्वास ऐकू येत होता.

दारात तिनं विचारलं, "पुन्हा नंबर लागला तर याल ना, डॉन आर्सेसिओ?"

"बाई, वाट साफ आहे असं एवेलिओ गेला त्या दिवशीही एका भल्या माणसानंच सांगितलं होतं," तो म्हणाला, आणि भिंतीला धरून जिना उतरायला लागला.