धुरंधरांचा खर्ज

हेमचंद्र धुरंधर मूळचे अलिबागचे, बोटीवरचे चीफ इंजिनियर. वीस वर्षं जर्मन कंपनीच्या बोटींवर काढली, त्यात जर्मन भाषा पक्की झाली. आवाज मुळातच खर्जातला. पुढे सिंगापूरच्या एका गोदीत बोटदुरुस्तीची नोकरी धरली, बुकित बातोकला भाड्याने फ्लॅट घेतला, आणि दर गुरुवारी एका चर्चच्या हॉलमध्ये जमणाऱ्या पुरुषांच्या क्वायरमध्ये ते गायला लागले. तीस चिनी गृहस्थ आणि हे एकटे मराठी. सहा वर्षांत त्यांनी एकही गुरुवार चुकवला नाही.

१९९७ साली ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टच्या जन्माला दोनशे वर्षं झाली. त्याने केवळ पुरुषांच्या आवाजांसाठी लिहिलेली गाणी क्वायरने बसवायला घेतली. प्रत्येक गाण्यात चार आवाजांचे चार गट, त्यातल्या सगळ्यांत खालच्या गटात धुरंधर. जर्मन शब्द कुणाच्याच तोंडी बसेनात, म्हणून तीन महिने धुरंधरांनी एकेकाला समोर बसवून उच्चार घोटून घेतले.

कार्यक्रमाला दहा दिवस उरले तेव्हा क्वायरचे संचालक कोह यांनी त्यांना बाजूला घेतलं. टीव्हीसाठी रेकॉर्डिंग आहे, म्हणाले, आणि तुमचा आवाज इतरांत मिसळत नाही. तेव्हा उभे राहा, पण नुसते ओठ हलवा.

"कुठल्या ओळीत मिसळत नाही?" धुरंधरांनी विचारलं. "आत्ता गातो. तुम्ही चूक दाखवा."

चूक अशी नाही, कोह म्हणाले, आवाजाचा रंग जरा इंडियन आहे.

सहा वर्षं चाललेला रंग आज टीव्ही आल्यावर खुपला, या विचाराने धुरंधरांचं डोकं फिरलं. घरी लेक किमया सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "जस्ट स्टँड देअर लाह, बाबा." तिच्यावर ते इतके ओरडले की ती ताटावरून उठून गेली.

पुढच्या गुरुवारी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, माझा आवाज कुणाला खुपतो त्याने आत्ता सांगावं. सगळे हातातले कागद चाळू लागले. सहा वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहिलेला लिम, यिशुन भागात राहणारा निवृत्त शाळामास्तर, खाली बुटांकडे बघत राहिला.

"मी इथे गायला येतो, बाहुला म्हणून उभा राहायला नाही," असं म्हणून धुरंधर बाहेर पडले.

कार्यक्रम त्यांच्याशिवाय झाला. जर्मन उच्चार अगदी चोख होते, असं पेपरात छापून आलं. ते वाचून धुरंधरांचा संताप दुप्पट झाला. उच्चार मी शिकवले, तसं जाहीर करा, असं पत्र त्यांनी क्वायरच्या कमिटीला धाडलं. उलट टपाली आभाराचं छापील कार्ड आलं, त्यावर नावाचं स्पेलिंगही चुकलेलं. त्याचे त्यांनी तुकडे केले.

दोन महिन्यांनी लिमचा फोन आला. त्याने आणि आणखी दोघांनी क्वायर सोडली होती, घरीच गाण्यासाठी त्यांना चौथा आवाज हवा होता. धुरंधरांनी फोन आपटला. आठवडाभर धुमसले आणि रविवारी एमआरटीच्या गाडीने यिशुनला लिमच्या घरी गेले. दार उघडताच त्यांनी विचारलं, "त्या दिवशी गप्प का बसलास?"

"मलाही काढतील म्हणून घाबरलो," लिम म्हणाला.

धुरंधर चपला काढून आत आले.

"मी हे विसरणार नाही," ते म्हणाले. "आता सूर दे."

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी ते चौघं लिमच्या फ्लॅटमध्ये शूबर्ट गात होते. मध्यंतरी कोह यांनी परत येण्याचा निरोप पाठवला. आधी सगळ्यांसमोर माफी मागा, असं धुरंधरांनी उलट कळवलं. माफी आली नाही, आणि तेही गेले नाहीत.