टिप्याचं ऑपरेशन आणि लातूरचा चहा

खून, दरोडे, दंगली सगळं पाहून झालं, पण एका कुत्र्याच्या ऑपरेशनवरून आमच्या ठाण्यात आलेली तक्रार काही केल्या विसरता येत नाही. तेव्हा मी नांदेडमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. माणसांची नावं इथे देणार नाही. कुत्र्याचं देतो, कारण त्या प्रकरणात त्याने काहीच लपवलं नव्हतं. त्याचं नाव टिप्या.

शिकवण्यांच्या वस्तीत एक विधवा बाई खानावळ चालवायच्या. जेवायला येणारी पोरं त्यांना काकू म्हणत. काळाकुट्ट टिप्या त्यांच्या दारात पडून असायचा. एका दुपारी एका गुत्तेदाराची, म्हणजे कंत्राटदाराची, गाडी त्याच्या मागच्या पायावरून गेली. गुत्तेदार स्वतः चालवत होता. त्याने काच खाली केली, मागे पाहिलं आणि निघून गेला.

काकूंनी टिप्याला पोत्यावर घालून रिक्षातून दवाखान्यात नेलं. हाडाचा चुरा झाला होता. प्लेट टाकायची तर लातूरला न्या, उशीर झाला तर पाय जाईल, जखम चिघळली तर जीवही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकूंनी त्याला लातूरच्या एका खासगी दवाखान्यात ठेवलं. पोरांनी टिप्याचा फोटो आणि काकूंचा क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. खाली गाडी कोणाची तेही लिहिलं. लोक मदत करू लागले.

मग ठाण्यात एक निनावी फोन आला. कुत्रा कधीच मेलाय, बाई लोकांना लुटतेय. पाठोपाठ गुत्तेदार स्वतः टाइप केलेला अर्ज घेऊन हजर झाला. बाईवर फसवणुकीचा गुन्हा दाखल करा, बँक खातं गोठवा. फोनवरचा आवाज आणि हा आवाज एकच आहे, असं ठाणे अंमलदार माझ्या कानाशी पुटपुटला. तोपर्यंत तीच अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर पसरली होती आणि मदत पार थांबली होती. तिकडे लातूरला डॉक्टर प्लेटच्या पैशांची वाट पाहत होते.

तक्रार आली की चौकशी करावीच लागते. मी काकूंना बोलावलं. त्या पदर खोचून, हाताला लागलेल्या पिठासकट आल्या.

"काकू, कुत्रा मेला म्हणतात."

"मेला असता तर म्या रडत बसले असते साहेब, भाकरी थापीत न्हाई. लातूरला हाय त्यो. चला म्हणाल तर आत्ता चला."

"दुसराच काळा कुत्रा नेऊन ठेवला, असं अर्जात आहे. खातं गोठवायची मागणी आहे."

"गोठवा. म्या डबा घेऊन चौकात बसते. पर त्याचा पाय जाऊ देनार न्हाई, आन् गाडी कोनाची व्हती ते सांगायचं बी सोडनार न्हाई."

माझा अनुभव असा की खोटारडा माणूस ठाण्याची पायरी चढला की गोड होतो. खरा माणूस चिडतो. काकू चांगल्याच चिडल्या होत्या. पण चिडणं हा काही पुरावा नव्हे.

त्या दुपारी एका पुढाऱ्याचा फोन आला. "आपलाच माणूस आहे, जरा बघून घ्या." मी म्हणालो, "बघतोच आहे." खातं गोठवण्याचं पत्र मी बँकेला पाठवलं नाही. आधी तक्रारदाराचा जबाब. तोही आरोपीइतकाच कसून घ्यायचा, ही माझी जुनी पद्धत.

गुत्तेदार ऐटीत बसला. मी चहा मागवला आणि त्याला बोलू दिलं.

"म्या सोता लातूरला गेलतो साहेब, सोमवारी. दवाखान्यासमोरच्या हाटेलात चहा पेलो. हाटेलवालाच म्हनला, नांदेडचं कुत्रं मेलं, बाईनं दुसरं आनून ठिवलं."

"बाजारात गर्दी होती?"

"लई. गाडी लावायला जागा न्हाई."

माझ्या पाठीमागे भिंतीवर कॅलेंडर होतं. मी वळून पाहिलं. त्या सोमवारी अमावस्येचा काळा ठिपका होता आणि महिना मार्गशीर्ष.

मी मूळचा लातूरजवळच्या औशाचा. नांदेड शहरात हा दिवस इतर दिवसांसारखा जातो, पण आमच्या लातूरकडे ती वेळा अमावस्या, आम्ही येळवस म्हणतो. सगळं गाव शेतावर जातं. कडब्याच्या खोपटात, म्हणजे कोपीत, पूजा होते, भज्जी-आंबिलीच्या पंगती उठतात, ओळख नसलेल्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. शहरात दुकानं बंद, रस्ते ओस. असं वाटतं की कर्फ्यूच लागलाय. त्या दिवशी लातूरच्या बाजारात याला गाडी लावायला जागा मिळत नव्हती!

मी त्याच्यासमोरच लातूरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. येळवशीला दवाखान्यासमोरचं हॉटेल उघडं होतं का, एवढंच विचारलं.

डॉक्टर हसले. "साहेब, त्या दिवशी लातुरात चहा कुठं मिळतो? दवाखानाच बंद होता. ह्या बाई एकट्या कुत्र्यापाशी बसल्या होत्या, म्हणून दोघांनाही आमच्या शेतावर नेलं. दिवसभर तिथंच होते. त्यो टिप्या बी आंबील पिऊन कोपीत झोपला. पर आता प्लेट लवकर टाकावी लागंल."

गुत्तेदाराने चहाचा कप बाजूला सारला. त्याचा सूरच बदलला. "मिटवून टाका साहेब. ऑपरेशनचा सगळा खर्च म्या देतो. फकस्त बाईला त्या व्हॉट्सअ‍ॅपवरून माझं नाव काढून टाकायला सांगा."

निरोप काकूंना सांगणं माझं कर्तव्य होतं. त्यांना पुन्हा ठाण्यात बोलावून त्याच्यासमोरच सांगितला. त्यांना पैशाची किती निकड आहे हे मला माहीत होतं, म्हणून सांगताना मलाच धाकधूक वाटत होती. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"ह्याच्या पैशानं टिप्या उभा ऱ्हायला, तर त्यो उद्या कोनावर भुंकंल? नगं साहेब. लोकं देतील."

मला त्या बाईचा अभिमान वाटला, आणि टिप्याच्या पायाची भीतीही. मी स्टेशन डायरीत सविस्तर नोंद घेतली. खोट्या तक्रारीबद्दल आणि बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल गुत्तेदारावर कारवाई सुरू केली. पुढाऱ्याचा पुन्हा फोन आला. "तुमच्या माणसाला लातूरचा सण माहीत नाही," एवढंच सांगून मी फोन ठेवला.

पण कारवाईने अफवा मरत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी, ऐन गर्दीत, मी वर्दीवर खानावळीत गेलो. भाकरी खाल्ली. उठताना भिंतीवरचा टिप्यासाठीचा क्यूआर कोड स्कॅन केला. गल्ल्यावरच्या साउंडबॉक्सच्या पेटीतून पैसे मिळाल्याचा खणखणीत आवाज आला. सगळ्या पोरांनी माना वळवल्या. मग एकेकाने मोबाइल बाहेर काढला, आणि ती पेटी बराच वेळ बोलत राहिली. त्याच आठवड्यात टिप्याच्या पायात प्लेट पडली.

मुक्या जिवाला फिर्याद देता येत नाही. त्याच्या वतीने जो उभा राहतो, त्यालाच लोक आधी चोर ठरवतात. अशा वेळी पोलिसाने वरच्या फोनपेक्षा समोरच्या माणसाचं ऐकावं, एवढं मी त्या प्रकरणात शिकलो. नोकरीच्या शेवटी का होईना, शिकलो.

निवृत्तीच्या थोडं आधी गुत्तेदाराचा आणखी एक अर्ज आला. खानावळीसमोरचा लंगडा काळा कुत्रा, टिप्या, फक्त माझ्याच गाडीवर भुंकतो, बंदोबस्त करावा. मी तो दोनदा वाचला आणि पहिल्या तक्रारीच्या कागदांना जोडायला सांगितला. कुत्रा जिवंत आहे, हे फिर्यादीने स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं.