पांढरा रवा

उंब्रजजवळचं आमचं गुऱ्हाळ माझ्या नवऱ्याचं होतं. उसाचा रस किंचित आम्ल असतो. त्यात चुन्याची निवळी, म्हणजे आम्लारी, घातली की दोघांचा जोर संपतो. याला उदासिनीकरण म्हणतात. हे मी साताऱ्याच्या शाळेत फळ्यावर शिकवत होते, तेच यजमान रस उकळायच्या काहिलीपाशी उभे राहून करत होते. निवळीशिवाय त्यांनी गुळात काही घातलं नाही. गूळ काळसर निघे. पेठेत लोक नाक मुरडत.

ते गेल्यावर मला एवढंच हवं होतं, की गुऱ्हाळ त्यांच्या पद्धतीने चालावं. पण तिथे धाकटे दीर बसले. हंगामाच्या पहिल्याच दिवशी ते काहिलीवर पांढऱ्या भुकटीची पुडी फोडत होते.

“भावजी, हे काय?”

“हायड्रोस. समदीच घालत्यात.”

“त्यांनी कधी घातलं नाही.”

“म्हणून तर दादाचा गूळ कोण हातात धरत न्हवतं. आवं वैनी, शाळा सोडून हितं कशाला आलाय? फळा न्हाई हितं.”

भुकटी पडली. काडी ओढल्यासारखा वास सुटला आणि रस डोळ्यांदेखत फिका पडला. याला विरंजन म्हणतात, रंग घालवणं. ही भुकटी क्षपणक असते: रंगाच्या रेणूला इलेक्ट्रॉन देते. रेणू तिथेच राहतो, रंग तेवढा दिसेनासा होतो.

“रंग गेला नाही, दडलाय,” मी म्हणाले. “हवा लागली की परत येईल.”

“यीऊ द्या की. तवर गूळ सांगलीला पोचतोय.”

गूळ शिजवणारा गुळव्याही हसला.

आमच्यात पहिल्या काहिलीचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, देवापुढे ठेवतात. त्या वर्षी दिरांनी तो माझ्या नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. भावकी येऊन वाखाणून गेली. मी त्याला हात लावला नाही.

वर्षश्राद्धापर्यंत रवा काळवंडला होता, तोही डागाडागांनी. हवेतल्या ऑक्सिजनने भुकटीचं देणं परत काढून घेतलं होतं, हे ऑक्सिडीकरण. पानं वाढायच्या आधी मी तो ताटात घालून बैठकीत नेला आणि दिरांसमोर ठेवला.

“ह्यो कुणाचा गूळ म्हनायचा?” चुलत सासऱ्यांनी विचारलं.

दिरांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “दादाच्या टायमाचा असंल.”

मेलेल्या भावाच्या फोटोखाली बसून ते हे बोलले. तोवर मी त्यांच्यावर नुसती रागावले होते.

“हा तुमचा आहे,” मी म्हणाले. “पहिल्या काहिलीचा. त्यांचा गूळ पहिल्या दिवसापासून काळाच असायचा. आणि माझ्या वाटणीचा ऊस येत्या हंगामात कारखान्याला जाईल.”

“निम्म्या उसावर गुऱ्हाळ चालतंय व्हय? बंद पडंल की!”

“पडू दे.”

गुऱ्हाळाचं चुलवाण यंदा पेटलं नाही. दीर माझ्याशी बोलत नाहीत. तो रवा मी त्याच दिवशी ताटातून उचलला आणि मळ्याच्या बांधावर मुंग्यांना टाकला.