अप्पांची हळद लावलेली पत्रं

आमच्या अप्पांनी जन्मात कागद म्हणून फेकला नाही. पाठकोऱ्या लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं लाल फडक्यात बांधलेलं. मी त्यांची पुतणी, शाळेत शिक्षिका. पण सांगलीच्या त्या माडीवर केर काढायची परवानगी मलाही नव्हती. "केर कुठला आणि पुरावा कुठला, तुला कळायचं नाही," म्हणायचे.

अप्पा अर्थशास्त्राचे प्राध्यापक. विलायतेत शिकताना त्यांनी एक बेल्जियन मित्र जोडला होता. युरोपातल्या देशांनी आपापसातली जकात उठवून एकच बाजार करावा, हा त्या साहेबाचा ध्यास. त्याचं पत्र आलं की अप्पा इथून त्याला धडे द्यायचे. सांगलीची बैलगाडी मिरजेला जाताना संस्थानांच्या जकातनाक्यांवर कशी खोळंबते, हे त्यांनी इतक्यांदा लिहिलं की बिचाऱ्याला मिरज पाठ झाली असावी. सखाराम पोस्टमन विचारायचा, "आवं अप्पा, गाडी अजून नाक्यावरच हाय व्हय?" मग अप्पा त्यालाही बसवून समजावायचे.

दुसऱ्या महायुद्धात पत्रं थांबली. लढाई संपल्यावर एकच आलं. बॉम्बनं साहेबाचं घर जळालं होतं, कागदाचा कपटा उरला नव्हता. सरकारी समितीपुढे योजना मांडायची, तर जवळ एक टिपण नाही. "माझी पत्रं तुझ्याकडे असतील का?"

अप्पांनी दोन दिवस लाल फडकी सोडून साहेबाची पत्रं वेगळी काढली. मी म्हटलं, "नकला करून पाठवू." तर माझ्यावरच उखडले. "ज्याचं घर जळालं त्याला नक्कल पाठवायची? अस्सल जाईल. नक्कल आपण ठेवू." महिनाभर मी नकला करत होते. मग कसर लागू नये म्हणून त्यांनी पानापानावर हळद भुरभुरवली, गठ्ठा शिवला आणि स्वतः पोस्टात नेला. परत आले ते जेवलेच नाहीत.

चार महिन्यांनी उत्तर आलं. ही पिवळी पूड कसली, म्हणून तिकडच्या जकातवाल्यांनी गठ्ठा बंदरावर तीन आठवडे अडवून ठेवला होता! जकात उठवायची पत्रं जकातीतच अडकली. अप्पा पोट धरून हसले. सखाराम म्हणाला, "त्यास्नी सांगलीची हळद ठावं न्हाई, म्हंजे लयच अडाणी हाईत की!"

पुढच्याच वर्षी अप्पा गेले. मी कळवलं, तेव्हा साहेबानं लिहिलं की अप्पांनी त्याला लिहिलेली सगळी पत्रं त्याच्या घराबरोबर जळाली. आता त्यांच्या हातचं त्याच्याजवळ होतं ते एवढंच, परत आलेल्या पत्रांच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेल्या मराठी ओळी. नकला करताना तो समास मी बिनमहत्त्वाचा म्हणून सोडून दिला होता. त्यातला एक शेरा त्यानं चित्रासारखा गिरवून पाठवला होता आणि अर्थ विचारला होता.

अक्षर वेडंवाकडं, पण लागलं. "याला कितीदा सांगितलं तरी कळत नाही. पण गडी मोठा गोड आहे."

दोन्ही वाक्यांचा अर्थ जसाच्या तसा कळवला. लिहिताना मी हसत होते आणि कागद भिजत होता.