दाजींचा खड्डा, अक्काची लिफ्ट

गाडी लिफ्टवर उंच गेली आणि दोन्ही खांबांतले लॉक ‘टक्’ करून बसले, की माझे दाजी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं विचारतात, "आलं का ऐकू?" गिऱ्हाईक नवं असलं तर बिचारं म्हणतं, "आलं की, मिस्त्री." त्याला कोण विचारतंय! ज्या बाईला दाजी विचारतात ती, माझी थोरली बहीण रुद्राणी, ही लिफ्ट दारात यायच्या आधीच गेली. मी तिला अक्का म्हणायचो. लिफ्ट खरं म्हणजे तिचीच आहे, दाजी नुसते वापरतात.

दाजी म्हणजे उदगीरचे चंद्रप्पा मिस्त्री. घरामागं पत्र्याचं शेड, त्यात गॅरेज, आणि गॅरेजच्या मधोमध खड्डा. गाडी वर उभी करायची, आपण खाली उतरायचं आणि मान वर करून काम करायचं. लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी तो स्वतः खणला. मी चिडवायचो, "दाजी, लग्न केलंत आणि खड्ड्यात गेलात!" दाजी हसायचे, अक्का खवळायची. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, मातीत बसवतात, मांडी घालून. त्यामुळं खड्ड्याची चेष्टा तिला सहन व्हायची नाही.

खाली उतरल्यावर दाजींना तहानभूक नसायची. दुपार टळायला लागली की अक्का कडेला यायची, पदराला हात पुसत म्हणायची, "अवो, या वर. भाकरी गार व्हायलीय." त्या हाकेशिवाय हा माणूस कधी वर आला नाही. एकदा मीच वरून ओरडलो, दाजी, जेवून घ्या. खालून उत्तर आलं, "तिची हाक कुठं आली अजून?" असले हे दोघं. त्यांचा संसार बघून मला हेवाही वाटायचा आणि रागही यायचा, कारण माझ्या घरी मला कोणी हाक मारत नाही, थेट भांडी आपटतात.

मागच्या उन्हाळ्यात दाजी एका जुन्या व्हॅनची पेट्रोलची टाकी सोडवत होते. पेट्रोलची वाफ जड असते, ती वर उडून जात नाही, खड्ड्यात साचून बसते. मी अक्काकडं चहाला आलो होतो. मागून पान्ह्यांची खडखड चालू होती ती थांबली. मला कळलंही नाही. अक्काला कळलं. हातातली कपबशी टाकून ती पळाली.

दाजी तळाशी बसले होते. पाठ भिंतीला टेकलेली, मांडी घातल्यासारखे पाय दुमडलेले, हनुवटी छातीवर. मी नाकाला रुमाल बांधून उतरलो, शेजाऱ्यांनी वरून ओढलं. मोकळ्या हवेत आणल्यावर थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर टाकीचा नट सापडला का. मला हसू आलं. अक्का मात्र मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "सिद्ध्या, बसवल्यावानी दिसले रे." त्यानंतर खड्ड्याची चेष्टा माझ्या तोंडून कधी निघाली नाही.

त्याच संध्याकाळी तिनं दाजींना गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवायला लावला. "म्हणा, पुन्हा खड्ड्यात उतरणार न्हाई."

"मग खाऊ काय?"

"लिफ्ट घ्यायची."

"लिफ्ट शोरूमवाल्यांची असती. घरच्या गॅरेजला कुटली लिफ्ट?"

"आधी शपथ घ्या. लिफ्टचं मी बघते."

दाजींनी शपथ घेतली आणि पाळली. जॅक लावून, पोतं अंथरून, पाठीवर पडून कामं करायला लागले. साठीच्या माणसाची पाठ किती दिवस टिकणार? पंधरवड्यात ते उठताना भिंत धरायला लागले. तेव्हा त्यांनी भिशी उचलली आणि आम्ही तिघं माझ्या व्हॅननं लिफ्ट बघायला निघालो. दीड लाखाच्या वर एक रुपया नाही, असं दाजींनी घरातच बजावलं होतं.

लातूरच्या दुकानदारानं चकाचक लिफ्टा दाखवल्या. एकीला वरून आडवा दांडा होता, ती आमच्या शेडमध्ये मावेना, पत्रा उचलावा लागला असता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दुसरीला कारखान्यातली थ्री फेज लाईट पाहिजे, आमच्या घरी ती नाही. तिसरी बसत होती. दोन खांब, वर काही नाही, घरच्या लाईटवर चालणारी. पण ती बजेटच्या बाहेर. दाजी निघालेच होते, तेवढ्यात अक्कानं दुकानदाराला विचारलं, "वर गेलेली गाडी खाली पडणार न्हाई कशावरून?"

दुकानदारानं लिफ्ट वर नेऊन दाखवली. दोन्ही खांबांतून आवाज आला, टक्. "लॉक बसला, मावशी. आता तेल गळालं तरी गाडी हलत नाही."

"परत करा," अक्का म्हणाली. तीनदा करायला लावलं. मग खूश होऊन मला म्हणते, "हा आवाज मला चुलीपाशी ऐकू येईल की रे."

पण दाजींनी नांदेडला एका बंद पडणाऱ्या गॅरेजची जुनी लिफ्ट हेरून ठेवली होती, निम्म्या किमतीत. तीही बघितली. दाजींच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. लिफ्ट वर गेली आणि उजवीकडून टक् आलं. डावीकडून काहीच नाही. आम्हा दोघांना ते लक्षातही आलं नव्हतं.

"एकच वाजला," अक्का म्हणाली.

मालक म्हणाला, "मावशी, एक लॉकसुद्धा पुरतो."

"मग दोन कशाला लावलेत?"

अक्का जाऊन व्हॅनमध्ये बसली. दाजी इतके फुगले की अहमदपूरला चहाला थांबलो तर खाली उतरले नाहीत. तिथं चहा पिताना अक्कानं मला सांगितलं, लातूरचीच घ्यायची. वरचे पैसे स्वयंपाकघराच्या ओट्याचे. तिचे गुडघे दुखायचे म्हणून दाजी तिला उभ्यानं स्वयंपाक करायला ओटा बांधून देणार होते. "ओटा फुडच्या वर्षी," ती म्हणाली. मी तिच्यावर चिडलो. उपयोग नव्हता. ती ठरवायची ते ठरवायची.

लिफ्ट बसवायची तर खड्डा बुजवणं आलं. अक्कानं पहिलं घमेलं स्वतः ओतलं, जणू वैऱ्याला गाडत होती. मुरूम चोपून वर जाड काँक्रीट टाकलं. त्यावर पोती अंथरून ती सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची. काँक्रीट पक्कं झालं की लिफ्ट येणार होती. दाजींचा रुसवा कधीच गेला होता. ते खांबांच्या जागा खडूनं आखायचे, पुसायचे, परत आखायचे.

एका सकाळी पाणी मारताना तिच्या छातीत दुखलं. पित्त झालंय म्हणाली. अर्धी बादली तिथंच ठेवून आत येऊन पडली. आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्याच व्हॅनमध्ये, माझ्या मागच्या सीटवर माझी बहीण गेली, आणि मी हॉर्न वाजवत होतो.

दुपारी तिला मळ्यात नेलं. भजन थांबलं. माती खणून तयार होती. खाली उतरून तिला नीट बसवायला घरची दोन माणसं लागतात. मी चपला काढल्या आणि दाजींना म्हणालो, "तुम्ही वरच थांबा. अक्कासमोर शपथ घेतलीय तुम्ही."

दाजींचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला.

"तो माझा खड्डा होता, सिद्धराम," ते म्हणाले. "हा तिचा हाय." आणि माझ्या आधी उतरले.

आम्ही तिला बसवलं. पाठ टेकवली, मांडी नीट केली. विधीला आलेल्या स्वामींनी सांगितलं तसं दाजींनी तिचं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं, कपाळाला विभूती लावली, बेलाची पानं वाहिली. पदर सरकला होता तो नीट केला. मला वरच्यांनी हात देऊन ओढून घेतलं. दाजींसाठीही हात पुढं आले. दाजी हलले नाहीत. तिच्यासमोर उकिडवे बसून राहिले.

स्वामी म्हणाले, "चंद्रप्पा, चला." लेक मंजुश्री रडत म्हणाली, "अप्पा, या ना वर." मी कडेला वाकून दोनदा हाक मारली.

दाजींनी मान वर केली. चेहरा अगदी रोजचा, काम करताना असायचा तसा.

"थांबा की रे," ते म्हणाले. "तिनं अजून हाक मारली न्हाई."