मायच्या तिरडीपाशी दिलेली उत्तरं

बैलबाजारात दलाली करून मी वर आलो. रुमालाखाली बोटं धरून समोरच्याचा शेवटचा भाव काढायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. पूर्णा गावात राहायला गेल्यावर येशूवर विश्वास ठेवला, आणि तिथंही माझी रीत तीच राहिली. कुणी ‘बाटला’ म्हणालं की वाद घालून त्याला गप्प करायचं. आमच्या चर्चचे पाळक म्हणायचे, “विचारलं तर सांगा, पण नरमाईनं.” मी म्हणायचो, नरमाईनं बैलसुद्धा विकला जात नाही.

माय गावाकडं, बोरीत वारली. मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मला फक्त खांदा द्यायचा होता. चुलता आडवा आला.

“दहाव्याला केस काढशील?”

“न्हाई.”

“पिंडाला हात जोडशील?”

“न्हाई, काका. पर माय माजी हाय.”

“मग खांदा कशाचा देतूस? आदी सांग, तिकडं काय भाव लागला तुजा?”

भावकीतले दोघं-तिघं हसले. मायच्या तिरडीपाशी हसले! माझं डोकं फिरलं. मी सुरू झालो. कुणी छदाम दिला नाही मला, माझी दारू सुटली ती कुणामुळं, सांगा.

“दारू तर माळ घातल्यावर बी सुटती,” मागून कुणीतरी म्हणालं.

त्यालाही माझ्याकडं उत्तर होतं. सगळ्यालाच होतं. ऊन चढलं, तिरडी तशीच अंगणात.

थोरली बहीण मायच्या उशाशी बसून पदरानं माशा वारत होती. ती ओरडली नाही.

“मला एकच सांग. तुज्या देवाच्या हिशोबानं आपली माय आता कुठं हाय?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सभेत अशा प्रश्नाला जे उत्तर देतात, येशूला न मानता मेलेला नरकात जातो, ते मला पाठ होतं. मायच्या टाचांच्या भेगा दिसत होत्या.

“मला ठाऊक न्हाई, अक्का.”

“मग इतका वेळ काय सांगत व्हतास?”

तेवढ्यात चौघांनी तिरडी उचलली. मला कुणी बोलावलं नाही. शेतातल्या सरणापर्यंत मी सगळ्यांच्या मागून चालत गेलो. तो राग अजून आहे. मुलाचा खांदा काढून घेणारे ते कोण?

पण झोप उडवतो तो राग नव्हे. दर रविवारी मी चर्चमधून आलो की अक्काचा फोन येतो.

“इच्यारलंस का रं तुज्या देवाला?”

“इच्यारलं.”

“काय म्हनला?”

“तो लय दयाळू हाय, अक्का. एवढंच मला ठाऊक.”

“दयाळू हाय तर सांगत का न्हाई?”

मी वाद घालत नाही. फोन कानाला धरून बसतो. तीही ठेवत नाही. मग गुडघे टेकतो आणि मायचं नाव घेऊन पुन्हा विचारतो, भाव न करता, भीक मागितल्यासारखं. वरून काहीच येत नाही. पुढच्या रविवारी अक्काला काय सांगू?