राहते घर कोणते?

आज वैशाख शुद्ध त्रयोदशी, गुरुवार. सकाळी वडिलांचे पहिले मासिक श्राद्ध झाले. ब्राह्मण जेवून गेले. थोरले भाऊ गाडी जुंपून शेतावर परतले. दाजीसाहेब वकिलांच्या षष्ट्यब्दीच्या पुस्तकासाठी मंडळींनी माझ्याकडे लेख मागितला आहे, तो आता लिहायला बसलो. मी शाळामास्तर. लिहिण्याची सवय फळ्यापुरती आहे, ती उणीव वाचकांनी चालवून घ्यावी.

दाजीसाहेबांची आणि माझी ओळख चार वर्षांपूर्वी आमच्याच ओट्यावर झाली. आमचे एक घर नंदुरबारात, मिरचीच्या व्यापारासाठी घेतलेले. दुसरे गायकवाडी हद्दीत निझरकडे, शेतीवरचे. वडील आठ महिने इकडे आणि चार महिने तिकडे राहत. माझी धाकटी बहीण जमना लहानपणीच विधवा झाली. तिला कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये, एवढीच वडिलांना काळजी होती. त्यांनी एका लेखनिकाकडून मृत्युपत्र करवून घेतले होते. त्यात होते, ‘माझे राहते घर जमनाला द्यावे.’

दाजीसाहेबांनी कागद वाचला आणि विचारले, “राहतं घर म्हणजे कोणतं?”

वडील हसून म्हणाले, “वकीलसाहेब, जठे रातले पाठ टेकस, ते मन्हं राहतं घर.”

“म्हणजे तुम्ही कुठे डोळे मिटता, त्यावर जमनाबाईंचं घर ठरणार. त्यांना विचारलंत का?”

आम्ही कोणीच विचारले नव्हते. जमना दाराआडून म्हणाली, “बाबा दिथीन ते.” दाजीसाहेबांनी पेन खाली ठेवले. ते तिच्या स्वतःच्या उत्तराची वाट पाहत बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “जठे मन्हा घट्या शे, ते.” घट्या म्हणजे जाते. ते नंदुरबारच्या घरात होते.

दोन हद्दींत घरे असलेली आपल्याकडची बरीच कुटुंबे दाजीसाहेबांकडे जातात. दोन्ही घरे स्वतः पाहिल्याशिवाय ते अक्षर लिहीत नाहीत. आमच्यासाठीही ते बैलगाडीने निझरकडे आले, धुळीने माखले, आणि शेतघराच्या चारी बाजू पायी फिरले. मग दोन कागद केले, जमनाच्या नंदुरबारच्या घराचा इंग्रजी हद्दीसाठी मराठीत आणि थोरल्या भावांच्या शेतघराचा गायकवाडीसाठी गुजरातीत. दुसऱ्या कागदाच्या शेवटी तिथल्या लेखनिकाने सवयीने ‘याआधीचे सर्व लेख रद्द’ असे लिहिले होते. ती ओळ तशीच राहती तर जमनाचा कागद तिथेच संपला असता. दाजीसाहेबांनी तो सबंध कागद पुन्हा लिहवून घेतला. मराठी कागदात चतुःसीमेखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, ‘ज्या घरात जमनाचे जाते आहे ते.’

वडील गेल्यावर तेराव्या दिवशी दाजीसाहेब न बोलावता आले. पानावर बसण्याआधी त्यांनी दोन्ही कागद सर्वांसमोर वाचले. थोरल्या भावांच्या ते मनाला लागले. “दाजीसाहेब, मी काय जमनीले बाहेर काढणार व्हतू?”

“तुम्ही नाही काढणार. पण तुमच्या नातवंडांना मी ओळखत नाही.”

भाऊ हसले. बाप गेल्यापासून ते प्रथमच हसत होते. मग त्यांनी स्वतः जमनाला हाक मारून आपल्या शेजारी बसवले. कायदा जाणणारी माणसे पुष्कळ असतात. आपल्यामागे माणसे एकमेकांशी बोलती राहावीत म्हणून कायदा वापरणारे मी हे एकच पाहिले.

दाजीसाहेबांना एकसष्टावे वर्ष सुखाचे लागो. त्यांचे गुडघे गाडीचे हिसके अजून पुष्कळ वर्षे सोसोत, आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर त्यांची बैठक अशीच भरत राहो, ही आम्हा भावंडांची प्रार्थना.

एवढे लिहून उठलो. दोन्ही घरांच्या किल्ल्या वडिलांनी एकाच सुतात ओवून कमरेला बांधल्या होत्या. ते सूत महिनाभर खुंटीवर तसेच होते. जमना नदीवर गेली होती. मी गाठ दातांनी सोडवली. भावांची शेतघराची किल्ली बाजाराच्या गाडीबरोबर पाठवण्यासाठी कागदात बांधली. दुसरी जात्याजवळच्या खिळ्याला अडकवली.